बँकेच्या संगणक-देखरेखीत कृत्रिम बुद्धिमत्ता

शनिवार, १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास अडखळले. किराणा दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत ठिकठिकाणी ग्राहक मोबाइलच्या पडद्यावरील फिरते वर्तुळ पाहत तिष्ठत राहिले. कोणाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण समोरच्यास पोहोचली नाही. कोणाचा व्यवहार सुरूच होईना. त्याच वर्षी २६ मार्च रोजीही असाच खोळंबा झाला होता. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच एनपीसीआय, ह्या संस्थेने १२ एप्रिलच्या घटनेचे जे कारण शोधून काढले, ते विचार करण्याजोगे आहे. ‘ह्या व्यवहाराचे पुढे काय झाले?’ अशी चौकशी करणारे संदेश काही बँकांच्या संगणकांकडून प्रचंड संख्येने येऊ लागले होते. जुन्या व्यवहारांविषयीही तीच चौकशी पुनःपुन्हा होत होती. चौकशीच्या ह्या लोंढ्यात खऱ्या व्यवहारांची वाट अडली.

ह्यातील प्रत्येक चौकशी एकेकटी पाहिली तर निर्दोष होती. व्यवहाराची स्थिती विचारणे हा नियमबाह्य प्रकार नव्हे. एखादे यंत्र बंद पडले की ते शोधून दुरुस्त करता येते. परंतु सर्व यंत्रे आपापल्या जागी ठीक चालत असताना त्यांच्या परस्परसंबंधातून बिघाड उद्भवतो, तेव्हा तो कोणा एकाच्या नजरेस पडत नाही. अशा बिघाडांचा माग वेळीच लागावा म्हणून गेल्या काही वर्षांत संगणक व्यवस्थेच्या देखरेखीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग होऊ लागला आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ह्या प्रकारास ‘एआयऑप्स’ असे म्हणतात. गार्टनर ह्या सल्लागार संस्थेने हा शब्द रूढ केला. हे तंत्र नेमके काय करते, त्यावर कितपत विसंबावे आणि ते आणण्यापूर्वी बँकेने स्वतःच्या घरात कोणती तयारी केली पाहिजे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रात्रीची उसंत

हाताने लिहिलेल्या खतावण्यांच्या काळात जे सेवेत आले, त्यांना शाखेचा दिवस कसा संपत असे हे आठवत असेल. रोखीची मोजदाद व्हायची, रोजमेळ घातला जायचा, एखादा रुपया जुळत नसेल तर सारे थांबायचे, आणि जुळला की तिजोरीस कुलूप लागायचे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोअर बँकिंग प्रणाली सर्वत्र पोहोचली आणि शाखेचा खातेदार हा बँकेचा खातेदार झाला. तरीही दिवसाला शेवट होता. रात्री ‘दिवसअखेर’ची प्रक्रिया चालत असे आणि तिच्या आगेमागे संगणकतज्ज्ञांना दुरुस्त्या, बदल व चाचण्या करण्यास निवांत वेळ मिळत असे. रात्री काही चुकले तर सकाळी शाखा उघडण्यापूर्वी सावरता येत होते.

ती उसंत आता उरलेली नाही. एनईएफटी सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस सेवा १४ डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही सुरू असते. यूपीआयला तर आरंभापासूनच रात्र नव्हती. ऑगस्ट २०२५ ह्या एका महिन्यात यूपीआयवरील व्यवहारांनी २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणजे दिवसाला सरासरी ६४ कोटींहून अधिक. बँकेला आज जी दुरुस्ती करावयाची, ती धावत्या गाडीचे चाक बदलावे तशी करावी लागते.

शिवाय त्या गाडीचे डबेही निरनिराळ्या मालकांचे आहेत. आपण मोबाइलवर गुप्त क्रमांक टाकून शंभर रुपये पाठवितो, तेव्हा ती विनंती ॲपकडून त्यास जोडलेल्या बँकेकडे, तेथून एनपीसीआयकडे, तेथून आपले खाते असलेल्या बँकेकडे जाते. तेथे क्रमांकाची पडताळणी होऊन रक्कम नावे पडते. मग घेणाऱ्याच्या बँकेत ती जमा होते आणि तसा निरोप आल्या वाटेने परत येतो. प्रत्येक बँकेच्या आत ही विनंती सुरक्षा-भिंत, सर्व्हर, सांकेतिक कुलपे सांभाळणारे यंत्र आणि मुख्य डेटाबेस अशा कित्येक टप्प्यांतून जाते, आणि प्रत्येक टप्पा आपली नोंद लिहून ठेवतो. ह्या नोंदींना ‘लॉग’ म्हणतात. मोठ्या बँकेत दिवसाकाठी अशा नोंदींच्या ओळी कोट्यवधींच्या घरात जातात. त्या सर्व वाचणे मनुष्यमात्रास शक्य नाही.

घंटा फार, ऐकणारे थोडे

यंत्रांवर लक्ष ठेवण्याची जुनी रीत सोपी होती व ती अजूनही सर्वत्र आहे. प्रत्येक मोजमापास एक मर्यादा आखून द्यावयाची. प्रोसेसरचा वापर ८० टक्क्यांवर गेला की इशारा, डिस्क ९० टक्के भरली की इशारा, उत्तरास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला की इशारा. ह्या रीतीचे दोन दोष अनुभवास येतात. पहिला असा की मर्यादेला काळवेळ कळत नाही. पगाराच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ८० टक्के वापर हा सुदृढपणाचा भाग असतो. रविवारी पहाटे तीन वाजता ४० टक्के वापरही काहीतरी बिनसल्याची खूण असू शकते. तसेच मर्यादा ओलांडली की घंटा वाजते. पण एखाद्या जिल्ह्यातील सर्व एटीएममधून वीस मिनिटे एकही रक्कम निघाली नाही, तर कोणतीच मर्यादा ओलांडली जात नाही आणि घंटाही वाजत नाही. एरवी गजबजलेल्या वाटेवरची ही शांतता खरोखर अधिक धोक्याची असते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एक डेटाबेस मंदावला की त्यावर अवलंबून असलेली पन्नास सर्व्हरे मंदावतात, आणि एकाच कारणापायी नियंत्रण कक्षात शेकडो इशारे येऊन आदळतात. त्यांतील बहुतेक नेहमीचे व निरुपद्रवी असतात. सतत वाजणाऱ्या घंटेकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो, हा मानवी स्वभाव आहे. त्यात कर्मचाऱ्याचा दोष मानू नये.

ह्याचे विदारक उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल ह्या शेअर दलाली संस्थेचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडताच ह्या संस्थेच्या संगणकाने भराभर चुकीचे सौदे करण्यास सुरुवात केली. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि संस्थेस ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. तेथील नियामक संस्थेच्या चौकशीत असे आढळले की बाजार उघडण्यापूर्वीच त्या संगणकाने कर्मचाऱ्यांच्या एका गटास ९७ ई-मेल पाठविले होते व त्यांत चुकीचा उल्लेख होता. परंतु हे संदेश इशारे म्हणून योजलेलेच नव्हते आणि ते सहसा कोणी पाहत नसे. संस्थेला वाचविणारी सूचना हाती आलेली होती. ती ढिगाऱ्यातून उपसून कोणासमोर ठेवणारी व्यवस्था मात्र नव्हती.

यंत्र कोणते काम करते

कृत्रिम बुद्धिमत्तेचे पहिले काम हा ढिगारा उपसण्याचे आहे. ती प्रथम प्रत्येक सेवेचे ‘नेहमीचे’ स्वरूप शिकते. कित्येक महिन्यांच्या नोंदींवरून आठवड्यातील वार, महिन्याची तारीख व दिवसातील वेळ यांनुसार व्यवहारांची किती ये-जा असते, उत्तरास किती वेळ लागतो, किती व्यवहार फसतात, ह्याचा अंदाज ती बांधते. प्रत्यक्ष आकडा त्या अंदाजापासून बराच दूर गेला, वर असो वा खाली, तर ती लक्ष वेधते. एटीएमची ती वीस मिनिटांची शांतता येथे पकडली जाते.

येथे भारतातील बँकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. यंत्र इंग्रजी दिनदर्शिकेवरून शिकते आणि आपले सण पंचांगावरून चालतात. धनत्रयोदशी २०२४ मध्ये २९ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये ती १८ ऑक्टोबरला आली. सराफ बाजारातील त्या दिवसाची गर्दी यंत्राने मागील वर्षाच्या तारखेवरून ताडली, तर खऱ्या दिवशी ते उगाच बोंब मारील आणि नंतर अकरा दिवसांनी गर्दी का नाही म्हणून चिंता करील. केरळातील ओणम, बंगालमधील दुर्गापूजा, महाराष्ट्रातील गणेशोत्सव ह्यांचेही तसेच. देशव्यापी बँकेने राज्यवार सण व सुट्यांची यादी यंत्रास स्वतंत्रपणे पुरविली पाहिजे. परदेशी बनावटीची तयार प्रणाली विकत घेतली म्हणजे हे काम आपोआप होईल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

दुसरे काम इशाऱ्यांची सांगड घालण्याचे. एकाच दोन मिनिटांत आलेले, एकमेकांस जोडलेल्या यंत्रांतून आलेले आणि मजकुरात साम्य असलेले इशारे एकत्र करून यंत्र त्यांची एकच घटना बनविते. तीनशे घंटांच्या जागी ‘अमुक डेटाबेस मंद झाला असून त्यामुळे पुढील सेवांवर परिणाम झाला आहे’ असे एक टिपण समोर येते. माझ्या मते ह्या तंत्राचा सर्वांत रोकडा लाभ हाच आहे. भविष्य सांगणाऱ्या यंत्राच्या जाहिराती मोठ्या असतात, पण रात्रपाळीच्या अधिकाऱ्यास खरी मदत ह्या साध्या वर्गवारीची होते.

लॉग वाचण्याची युक्तीही अशीच साधी आहे. प्रत्येक ओळीतील बदलता भाग, म्हणजे खाते क्रमांक, वेळ, रक्कम, वगळला की मागे ठरावीक सांगाडा उरतो. कोट्यवधी ओळी ह्या रीतीने काही हजार सांगाड्यांत बसतात. मग कोणता सांगाडा किती वेळा आला हे मोजणे सोपे जाते आणि पूर्वी कधीही न आलेला सांगाडा उमटला की तो तत्काळ उठून दिसतो. नेहमीचे हस्ताक्षर ओळखणाऱ्या मुरलेल्या रोखपालाची नजर परकी सही पाहताच थबकते, त्यातलाच हा प्रकार.

तिसरे काम अंदाजाचे. डिस्क किती दिवसांत भरेल, पुढील मार्चअखेरीस किती सर्व्हर लागतील, कोणत्या डिस्कची लक्षणे निकामी होण्याची दिसतात, हे बऱ्यापैकी अगोदर सांगता येते. माहिती तंत्रज्ञानाचे प्रशासन व जोखीम ह्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी जे निदेश काढले व जे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, त्यांत बँकांनी आपल्या संगणक क्षमतेची गरज वर्षातून किमान एकदा अगोदर जोखावी, असे सांगितले आहे. त्या कामी हे अंदाज उपयोगी पडतात. मात्र प्रत्येक गोष्टीस कृत्रिम बुद्धिमत्ता लागते असेही नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची मोबाइल डेटा सेवा दिवसभर विस्कळीत झाली, ती उपकरणांच्या आज्ञावलीतील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे. मुदत केव्हा संपते हे त्या प्रमाणपत्रावरच लिहिलेले असते. त्यासाठी बुद्धिमान यंत्र नको; व्यवस्थित ठेवलेली टिपणवही पुरे.

अलीकडे मजकूर लिहू शकणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही ह्या क्षेत्रात आली आहे. ती जुन्या घटनांची टिपणे चाळून ‘असाच बिघाड पूर्वी झाला होता व तेव्हा अमुक उपाय लागू पडला’ असे सांगते, वरिष्ठांसाठी अहवालाचा मसुदा तयार करते, नवख्या अधिकाऱ्याच्या शंकांना उत्तर देते. तिच्या ठायी एक मोठा अवगुण आहे. ठाऊक नसलेली गोष्टही ती तितक्याच आत्मविश्वासाने सांगते. म्हणून तिच्या प्रत्येक विधानाबरोबर ते कोणत्या नोंदीवर आधारलेले आहे, ती मूळ ओळ जोडलेली असावी आणि ओळ नसेल तर विधान ग्राह्य धरू नये, असा दंडक घालणे इष्ट होय. व्हाउचरशिवाय नोंद नाही, हा आपला नियम येथेही लागू आहे.

आपल्याच यंत्रांचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. इशाऱ्यांची सांगड घालण्यासाठी कोणते यंत्र कोणास जोडलेले आहे हे यंत्रास ठाऊक असले पाहिजे, आणि कारण शोधण्यासाठी कोणता बदल केव्हा झाला हे ठाऊक असले पाहिजे. ह्या दोन नोंदवह्या, एक यंत्रांच्या जोडणीची व दुसरी बदलांची, खऱ्या व अद्ययावत नसतील तर कितीही महाग प्रणाली आणली तरी ती चाचपडतच राहील.

उदाहरणादाखल समजा, सकाळी साडेदहा वाजता मोबाइल ॲपवर प्रवेश करण्यास विलंब होऊ लागला. ॲपचा गट म्हणतो नेटवर्क मंद आहे. नेटवर्कचा गट म्हणतो आमच्याकडे सर्व हिरवे दिसते. डेटाबेसचा गट म्हणतो विनंत्याच जास्त येत आहेत. असा अर्धा तास जातो. अशा वेळी यंत्राने नोंदवही पाहून सांगितले की दहा वाजून वीस मिनिटांनी ग्राहकांच्या ओळख-पडताळणीच्या सर्व्हरवर एक छोटा बदल करण्यात आला होता आणि विलंब त्यानंतर दहा मिनिटांनी सुरू झाला, तर तो बदल मागे घेण्याचा विचार दुसऱ्या मिनिटास होऊ शकतो. पण तो बदल कोणीतरी ‘किरकोळ आहे’ म्हणून नोंदविलाच नसेल तर? यंत्र मग त्याच वेळी घडलेल्या दुसऱ्या एखाद्या निरपराध गोष्टीकडे बोट दाखवील, आणि चार गट आणखी एक तास भलत्या वाटेने जातील.

नाइट कॅपिटलच्या प्रसंगाचा पुढील भाग येथे सांगण्यासारखा आहे. नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर बसवावयाची होती. सातांवर ती नीट बसली, आठव्यावर राहून गेली, आणि तेथे वर्षानुवर्षे निजलेली जुनी आज्ञावली जागी झाली. हे कोणी ताडून पाहिले नव्हते. गोंधळ सुरू झाल्यावर नव्या आज्ञावलीतच दोष असावा असे समजून ती सातही सर्व्हरांवरून काढण्यात आली; त्यामुळे तेथेही जुनी आज्ञावली चालू झाली आणि हानी वाढली. आठ ओळींची एक खरी यादी समोर असती तर उपाय उलटा झाला नसता.

बँकांच्या बाबतीत ह्यात एक विसंगती जाणवते. ग्राहकाच्या खात्यातील पैशापैशाचा हिशेब आपण चोख ठेवतो, त्यासाठी अंतर्गत लेखापरीक्षण, समवर्ती लेखापरीक्षण, वैधानिक लेखापरीक्षण अशा चाळण्या लावतो. पण आपल्याच सर्व्हरांची यादी एका गटाच्या तक्त्यात, नेटवर्कचा नकाशा दुसऱ्याच्या कपाटात आणि बदलांची माहिती तिसऱ्याच्या स्मरणात, अशी स्थिती पुष्कळ संस्थांत आढळते. एआयऑप्स आणू इच्छिणाऱ्या संस्थेने पहिले सहा महिने यंत्रांचा हा ताळेबंद जुळविण्यात घालविले तरी ते वाया गेले असे मानू नये. ह्या कामाचे उद्घाटन होत नाही, छायाचित्र निघत नाही, म्हणून ते मागे पडते.

अधिकार किती द्यावेत

बिघाड ओळखल्यावर यंत्राने तो स्वतःच दुरुस्त करावा काय? सर्व्हर पुन्हा सुरू करणे, जास्तीची क्षमता जोडणे, दूषित वाट बंद करून दुसरीकडे वळविणे, ही कामे आज यंत्रास तांत्रिकदृष्ट्या जमतात. परंतु जमते म्हणून सोपवावे असे नाही. वेगाने काम करणारे यंत्र चूकही त्याच वेगाने पसरविते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीने आपल्या आज्ञावलीसाठी पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ती फाइल अठ्ठ्याहत्तर मिनिटांत मागे घेण्यात आली होती. तरी तेवढ्या अवधीत विमानतळ, रुग्णालये व बँका ह्यांचे काम ठप्प झाले. भारतात दहा बँका व वित्तीय संस्थांना किरकोळ अडचण आल्याचे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते, ते देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे. अशी आज्ञा अडविण्यासाठी तपासणीचे साधन होते, पण त्या साधनातच दोष होता. आणखी एक गोष्ट अशी की अभियंत्यांची दुरुस्तीची साधनेही त्याच बंद पडलेल्या जाळ्यावर अवलंबून होती. देखरेखीची व्यवस्था ज्यावर देखरेख करावयाची त्यापासून वेगळी का हवी, हे ह्यावरून उमजते.

बँकेस ह्या प्रश्नाचे उत्तर बाहेर शोधण्याची गरज नाही. अधिकारांचे प्रत्यायोजन आपल्या रक्तात आहे. शाखा व्यवस्थापकास अमुक रकमेपर्यंत कर्ज मंजुरीचा अधिकार, त्यापुढे विभागीय कार्यालय, त्यापुढे प्रधान कार्यालय. एकाने नोंद करावयाची व दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावयाची. यंत्रासही हीच उतरंड लावावी. आरंभी त्याने केवळ सल्ला द्यावा आणि तो सल्ला खरा ठरला की खोटा, ह्याची नोंद राहावी. काही महिन्यांचा हिशेब समाधानकारक असेल तर त्याने उपाय तयार ठेवावा व अधिकाऱ्याने एका कळीने मंजुरी द्यावी. लहान, तत्काळ मागे घेता येण्याजोग्या आणि एकाच यंत्रापुरत्या कृती तेवढ्या त्याच्यावर पूर्णपणे सोपवाव्यात. खात्यांतील नोंदींना हात लावणे, मुख्य प्रणाली थांबविणे किंवा सर्व काम आपत्कालीन केंद्राकडे वळविणे हे निर्णय नावानिशी जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यानेच घ्यावेत. चौकशीच्या वेळी ‘यंत्राने केले’ हे उत्तर कोणताही नियामक स्वीकारणार नाही, आणि ते रास्तच आहे.

नियामकाचा रोष किती महाग पडतो हे बँकिंग क्षेत्राने पाहिले आहे. डिसेंबर २०२० मध्ये एका अग्रगण्य खाजगी बँकेस, दोन वर्षांतील वारंवारच्या खंडांनंतर, नवे डिजिटल उपक्रम व नवी क्रेडिट कार्डे थांबविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला; निर्बंध पूर्णपणे उठण्यास मार्च २०२२ उजाडले. ब्रिटनमध्ये टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर हलविताना लाखो ग्राहकांना आपल्याच खात्यात प्रवेश मिळेनासा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये तिला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड झाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराविषयी रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर २०२४ मध्ये समिती नेमली आणि तिचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीने सांगितलेल्या सात सूत्रांत विश्वास, उत्तरदायित्व आणि यंत्राचा निर्णय समजण्याजोगा असणे ह्यांचा समावेश आहे. ‘हा सर्व्हर बदला’ असे सांगणाऱ्या यंत्राने ‘का’ हेही सांगितले पाहिजे, असा त्याचा आपल्या विषयापुरता अर्थ.

लॉगमधील खातेदार

लॉग हा यंत्रांचा खाजगी मजकूर आहे, त्यात ग्राहकाचे काय, असे अनेकांस वाटते. वस्तुतः निष्काळजीपणे लिहिलेल्या लॉगमध्ये खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक, प्रसंगी ग्राहकाचे नाव व रक्कमही उमटते. हे लॉग विश्लेषणासाठी बाहेरील कंपनीच्या यंत्रणेकडे पाठविले, तर बँकेने जपलेली गोपनीयता मागील दाराने बाहेर पडते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. म्हणून संवेदनशील आकडे लॉगमध्ये लिहितानाच झाकले जावेत, नंतर झाकण्याचा विचार करू नये. यंत्राचे शिक्षण शक्यतो बँकेच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये व्हावे. लॉग लवकर पुसून टाकणे हाही उपाय नव्हे, कारण सर्ट-इन ह्या शासकीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार ते १८० दिवस जपून ठेवावयाचे आहेत.

शाखा आणि ग्राहक

ह्या तंत्रामुळे नोकऱ्या जातील काय, असा प्रश्न कर्मचारी बांधवांकडून येतो. ऐंशीच्या दशकात संगणकाविषयी हाच प्रश्न होता व त्यावर संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाले होते. नियंत्रण कक्षात पडद्यांकडे नुसते पाहत बसण्याचे काम कमी होईल हे खरे. पण नोंदवह्या खऱ्या ठेवणारी, यंत्राचे निदान तपासणारी व बँकेचा व्यवसाय समजणारी माणसे अधिक लागतील, असे दिसते.

शाखेतील कर्मचाऱ्याचा वाटाही लहान नाही. ग्राहकांच्या तक्रारी हेदेखील यंत्राचे खाद्य असते. ‘ॲप चालत नाही’ एवढ्या तक्रारीतून काहीच निष्पन्न होत नाही. ‘सकाळी ११.०५ वाजता, वीजबिल भरताना, गुप्त क्रमांक टाकल्यानंतर अमुक संदेश आला’ अशी नोंद पाच शाखांतून आली, तर यंत्र त्या पाचांचा धागा जोडू शकते. काउंटरवर गर्दी असताना एवढे लिहिणे जड जाते, पण वेळ, कृती आणि पडद्यावरील संदेश ह्या तीन गोष्टी तरी जरूर लिहाव्यात.

ग्राहकांसाठी काही व्यावहारिक माहिती देणे उचित होईल. एप्रिल २०२५ च्या घटनेनंतर एनपीसीआयने बँकांना अशी सूचना दिली की एका व्यवहाराची स्थिती दोन तासांच्या आत जास्तीत जास्त तीन वेळाच विचारावी. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून खात्यातील शिल्लक दिवसभरात ५० वेळा पाहण्याची मर्यादाही घालण्यात आली. तेव्हा एखादा व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा रक्कम पाठवू नये. काही वेळ थांबून व्यवहाराची अंतिम स्थिती पाहावी आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने एखाद्या व्यक्तीस पाठविलेली रक्कम आपल्या खात्यातून वजा होऊन तिच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसाच्या आत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदारास केलेले देयक अडकले असेल, किंवा एटीएममधून रोख न मिळता खात्यातून रक्कम वजा झाली असेल, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई ग्राहकाच्या खात्यात जमा होते व त्यासाठी तक्रार करण्याची वाट पाहिली जात नाही. तरीही ती जमा झाली नाही, तर संदर्भ क्रमांकासह शाखेत लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.